कोपरातल्या दोन पिना

मोडलं ते डॉक्टरचं, लचकलं ते माझं, असा आमच्या आबांचा कायदा होता. आबा म्हणजे माझे वडील. बडोद्याच्या नागरवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांसमोर रविवारी सकाळी माणसं चपला काढून ओट्यावर बसायची. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाचा खांदा निखळलेला, कुणाची कंबर धरलेली. आबा आधी नुसत्या बोटांनी चाचपत. हाड मोडल्याची शंका आली की म्हणत, "हे माझं नाही. दवाखान्यात जा, इथं चहाला पण थांबू नको." बाकीच्यांना ते घाण्यावरच्या तिळाच्या तेलानं चोळत, त्यांच्या गावाची, म्हशीची चौकशी करत, आणि माणूस म्हशीचं कौतुक सांगत असतानाच असा काही झटका देत की तो आधी ओरडे आणि मग हसे. पादरा गावचा एक भाजीवाला खांदा बसवून दिल्याच्या उपकारापोटी वर्षानुवर्षं वांगी आणून टाकत होता. मला वांगी आवडत नाहीत, हे घरात सांगायची सोय नव्हती.

आमचे पूर्वज राजांच्या फौजेत होते म्हणे. फौज गेली, राज्य गेलं, आखाडा राहिला. आबा एका कारखान्यात फिटर होते आणि संध्याकाळी आखाड्यात मल्लखांब शिकवायचे. नव्वदीच्या दशकात देशाचे दरवाजे उघडले आणि आबांच्या कारखान्याचे बंद झाले. त्याला स्वेच्छानिवृत्ती असं नाव होतं. स्वेच्छा कुणाची, ते कुणी विचारलं नाही. आई आम्ही शाळेत असतानाच गेली होती. आबांकडे उरल्या दोन मुली, एक आखाडा आणि स्वतःचे दोन हात. त्या हातांवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर आमचाही होता.

मी थोरली. मला त्यांनी दोरीवर चढवून पाहिलं, मी पडले. पुन्हा चढवलं, पुन्हा पडले. "हिला भणू दे," म्हणाले. शिकण्याला भणणं म्हणायची सवय बडोद्याच्या हवेतच आहे. धाकटी मात्र पायाच्या अंगठ्यात दोरी पकडून अशी सरसर वर जायची की खाली उभ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. दोरीच्या मल्लखांबात टांगलेल्या दोरीचे वेढे अंगाला घेऊन वरच्या वर आसनं करायची असतात. गाठ मारायची नसते, सगळा भार अंगाच्या पिळावर. मुलगा नाही म्हणून हळहळणाऱ्या नातेवाइकांना आबा आखाड्यात घेऊन यायचे आणि एक शब्द न बोलता तिच्याकडे बोट करायचे. पुढे ती मुलींचा वर्ग घ्यायला लागली तेव्हा ते स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. आपल्यामागे आखाड्यात कोण, हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला होता.

ती दोरीवरून कधी पडली नाही. पडली ती मांडवी दरवाज्याजवळ, मोपेडवरून. त्या वर्षी टेलिफोनच्या केबलसाठी सगळं बडोदं खणून ठेवलं होतं. जगाशी जोडलं जायच्या घाईत शेजारच्या गल्लीत जायची पंचाईत झाली होती. चराच्या कडेची माती खचली, मोपेड एकीकडे, ती एकीकडे, आणि उजवा हात कोपरावर आपटला. कुणा रिक्षावाल्यानं तिला घरी आणलं. आबांनी बाही वर सारली, बोटं लावली आणि लगेच उठून पायात चपला घातल्या. "दवाखाना," एवढंच म्हणाले. कायदा म्हणजे कायदा, तो पोटच्या पोरीलाही लागू होता.

डॉक्टर गुजराती होते, बोलायला तुटक, कामाला चोख. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावून आम्हाला दाखवला. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचे तुकडे जुळवून त्यांतून दोन पिना तिरक्या घातल्या होत्या, एकमेकींना छेदून. हाडं करडी दिसत होती आणि पिना पांढऱ्याशुभ्र. "आनुं काम पकडी राखवानुं," पिनांवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले. यांनी नुसतं धरून ठेवायचं. जुळायचं काम हाडाचं. मग ते आबांकडे वळले. आबांचे पंजे, मान आणि कुस्तीत चुरगळलेला कान पाहून त्यांनी माणूस ओळखला असावा. "अने काका, मालिश नथी करवानी. बिलकुल नहीं. हाथ एनी मेळे वळशे."

मालिश अजिबात नाही, हात आपला आपण वाकेल. "बराबर छे, साहेब," आबा म्हणाले आणि मान हलवली.

पिना हा शब्द माझ्याही रोजच्या कामातला होता. मी तेव्हा विद्यापीठात चुंबकीय पदार्थांवर संशोधन करत होते. अशा पदार्थाच्या आत लहान लहान मुलूख असतात. एका मुलखातले सगळे अणू एका दिशेला तोंड करून, शेजारच्या मुलखातले दुसऱ्या दिशेला, आणि दोघांच्या मध्ये सीमा. बाहेरून चुंबक जवळ आणला की ही सीमा सरकते. एक मुलूख वाढतो, दुसरा आकसतो. पण वाटेत एखादा परका कण असला, भेग असली, पोकळी असली, की सीमा तिथे अडकून बसते. याला आम्ही पिनिंग म्हणतो. कायमचा चुंबक करायचा तर पिनिंग हवंच, नाहीतर सकाळी शिकवलेलं तो संध्याकाळी विसरेल. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला मात्र ते नको असतं. तिथे सीमेनं सतत मागेपुढे सरकत राहायचं असतं, अडकली की नुसती उष्णता. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मरचे कारखाने होते, त्यामुळे आमच्या सरांना न अडकणारा पदार्थ हवा होता, आणि मी खलात पूड घोटून, भट्टीत भाजून त्याच्या लहान लहान बांगड्या करत बसले होते.

हात गळ्यात बांधलेला असताना धाकटी एकदा माझ्या प्रयोगशाळेत आली. घरात बसून कंटाळली होती. मी लोखंडाच्या पट्टीवर तारेचं वेटोळं गुंडाळून ते स्पीकरला जोडलं आणि पट्टीजवळ हळूहळू चुंबक नेला. स्पीकरमधून आधी खरखर आली, मग तडतड. चुंबक मी एका गतीनं नेत होते. आतली सीमा मात्र अडकत होती आणि सुटत होती, आणि प्रत्येक सुटण्याचा बारीकसा आवाज होत होता. मला वाटलं होतं तिला गंमत वाटेल. तिनं गळ्यातला हात पोटाशी धरला आणि म्हणाली, "बंद कर ने, ताई."

लोखंडाला ठोकलं, पिळलं, जबरदस्तीनं वाकवलं की त्याच्या आत अडकायच्या जागा वाढतात. सैल करायचं तर तापवून सावकाश निवू द्यावं लागतं, आणि मध्ये हात लावायचा नसतो. हे मला लोखंडाबद्दल माहीत होतं. माणसाच्या कोपराबद्दल ज्याला माहीत होतं, त्यानं ते आबांना तोंडावर सांगितलं होतं.

प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकोनाच्या अलीकडेपलीकडे जरासा हलत होता. डॉक्टर खूश होते. धाकटी नव्हती. हिवाळ्यात मुलींच्या स्पर्धा होत्या आणि तिच्या वर्गातल्या पोरी दोरीखाली उभ्या राहून "दीदी, तुम्ही कधी येणार?" विचारत होत्या. हात वाकल्याशिवाय दोरी काखेत धरता येत नाही, आणि हात सरळ झाल्याशिवाय वर चढता येत नाही. तिला दोन्ही हवं होतं, आणि लगेच हवं होतं.

आबांच्या मनात काय चाललं असेल, ते मला आज स्पष्ट दिसतं. हाड जुळलं, हे खुद्द डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणजे मोडलेलं संपलं. उरलं ते आखडलेलं. आणि आखडलेलं त्यांच्या कायद्यानं त्यांचंच होतं. तरी ते आधी नाही म्हणाले. तीच मागे लागली. "सगळ्या गावाचे हात सोडवता, आबा. माझाच काय गुन्हा?" याच्यापुढे कुठल्या बापाचा निश्चय टिकेल? मी प्रयोगशाळेत असताना दुपारी दार लावून ते चालायचं. तेल कोमट करायचं, कोपर चोळायचं, आणि मग दंड मांडीखाली दाबून हात वाकवायचा. ती दातांत टॉवेल धरायची. आखाड्यात दुखणं ही काम होत असल्याची खूण असते. त्या दोघांना दुसरं काही कुणी शिकवलेलंच नव्हतं. हे सगळं तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की कोपर सुजलंय, हाताला गरम लागतंय, आणि आधी हलायचा तेवढाही हात आता हलत नाही.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे पेटीवर लावला. कोपराच्या पुढच्या बाजूला, जिथे नुसता स्नायू असायला हवा, तिथे धुरकट पांढरं काहीतरी साचलं होतं. ते हाड होतं. मार बसलेल्या स्नायूला चोळलं, ओढलं की कधी कधी त्याच्यातच हाड धरायला लागतं, असं त्यांनी आम्हाला समजावलं. मग विचारलं, "मालिश कोणे करी?"

मी आबांकडे पाहिलं. ते एक्स-रेकडे बघत होते, हात पाठीमागे बांधलेले.

"में करी," धाकटी म्हणाली. "डाबा हाथे. मारी जाते." माझी मी केली, डाव्या हातानं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पुढची तारीख सांगितली.  आबा खरं काय ते बोलतील म्हणून मी दवाखान्याच्या जिन्यावर थांबले, रिक्षात त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, रात्री मुद्दाम जेवण लांबवलं. ते बोलले नाहीत.

मी रागीट आहे, पण त्या दिवसासारखा राग मला आधी कधी आला नव्हता. "गावात उस्ताद म्हणून मिरवायचं आणि पोरीच्या ओढणीआड लपायचं," मी गच्चीत धाकटीला म्हणाले, खाली ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. "उद्या जाऊन डॉक्टरांना खरं सांगते की नाही बघ."

"नको सांगू."

"का नको?"

"गावात पसरेल. मग रविवारी कोण येईल? कारखाना गेला. आता हे पण गेलं तर दिवसभर करतील काय ते?" ती कठड्याला टेकली. "माझा एक हात गेला, ताई. त्यांचे दोन्ही जातील."

ती हिशेब मांडल्यासारखं बोलली. मी गेले नाही. पण आबांशी मी कामापुरतंच बोलायला लागले. रविवारी माणसं येतच होती. आबा चोळत होते, बसवत होते, पण म्हशीची चौकशी बंद झाली होती. लोक गपचूप दुखवून घ्यायचे आणि जायचे.

नको तिथे आलेलं हाड लगेच काढता येत नाही, ते पिकायची वाट बघावी लागते. ते वर्ष असं गेलं. वर्ग तिच्या एका विद्यार्थिनीनं सांभाळला. सुरुवातीला धाकटी खाली उभी राहून ओरडून शिकवायची, मग तिनं जाणंच सोडलं. उजवा हात तोंडापर्यंत पोचत नव्हता, म्हणून ती डाव्या हातानं जेवायची. आमच्याकडे डाव्या हातानं जेवणं म्हणजे पाप; लहानपणी मी त्यापायी आबांचे धपाटे खाल्ले आहेत. आता तिचा डावा हात ताटात गेला की आबा उठून पाण्याचा तांब्या भरायला जात, तो भरलेला असला तरी. माझंही काम पुढे सरकत नव्हतं. नमुन्यांतलं पिनिंग काही केल्या कमी होईना म्हणून मी पूड अधिक बारीक, अधिक वेळ घोटत होते. शेवटी सरांनी खल उचलून उजेडात धरला. तो आतून झिजला होता. जितकी मी घोटत होते, तितके खलाचेच कण पुडीत उतरत होते.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी जास्तीचं हाड काढलं आणि पिनाही काढल्या. त्या बाटलीत घालून दिल्या. धाकटीच्या आग्रहावरून मी त्यांना चुंबक लावून पाहिला. त्या जागच्या हलल्या नाहीत. शरीरात घालायचं पोलाद मुद्दामच तसं केलेलं असतं. हात मात्र हलू लागला होता. मी रजा टाकून तिच्यापाशी बसून राहिले, तेलाची बाटली नळाखाली रिकामी केली, कुणाला कोपराला हात लावू दिला नाही. डॉक्टर सांगत तेवढंच, आपलं आपण, ती करत होती. तरीही थोड्याच आठवड्यांत तो पुन्हा आवळत गेला. यात कुणाचीच चूक नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं, कारण आता चिडायलाही कुणी उरलं नव्हतं.

शेवटचं बोलणं झालं तेव्हा आम्ही तिघंही डॉक्टरांसमोर बसलो होतो. पुन्हा कापण्यात अर्थ नाही, ते म्हणाले. हाड धरणारच. आपल्या हातात एकच आहे: ते पुरतं धरायच्या आत, भूल देऊन, कोपर हव्या त्या कोनात आणून ठेवायचं. मग जन्मभर तोच कोन. त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलला आणि बोटं ओठांना लागतील असा वाकवला. "आम राखुं?" मग तो खाली आणून, लिहायला बसल्यासारखा टेबलावर ठेवला. "के आम?"

"तोंडापर्यंत," आबा तिच्या आधीच बोलले.

"ना, साहेब. लखवानुं राखो," धाकटी म्हणाली, लिहायचाच कोन ठेवा, आणि आबांकडे वळली. "मला नोकरी करायला लागेल, आबा. जेवायला डावा आहे."

"जन्मभर डाव्यानं जेवशील? चार लोकांत, पंगतीत?" आबांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "मी भरवीन तुला. माझ्या हातानं भरवीन."

"किती वर्षं भरवाल?"

ती उद्धटपणे नाही बोलली. तिला खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. आबांचं वय त्या खोलीत आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ते टेबलाची कड धरून उभे राहिले आणि त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले.

"मालिश में करी हती, साहेब."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. "मने खबर छे, काका. पहेला दिवसथी. डाबा हाथे आटलुं ना थाय." डाव्या हातानं एवढं होत नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग ते धाकटीला म्हणाले, "तो लखवानुं राखिए ने, बेन?"

ती हो म्हणाली.

हे एक वाक्य आबांच्या तोंडून ऐकायला मी इतके महिने टपून बसले होते. ते ऐकल्यावर मला बरं वाटेल, माफ करता येईल, निदान रडायला तरी येईल, असं धरून चालले होते. काहीच झालं नाही. डॉक्टर पुढच्या पेशंटला बोलवायला घंटी वाजवत होते. आबांनी पुढे ते वाक्य ज्याला त्याला सांगितलं. ओट्यावर आलेल्या प्रत्येकाला, आखाड्यात, देवळात. महिन्याभरात ओटा रिकामा झाला. ते बरीच वर्षं जगले, पण कुणाच्या अंगाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. धाकटी म्हणाली होती तेच झालं, फक्त ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं केलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी रिक्षात आबा आम्हा दोघींच्या मध्ये बसले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे उतरले होते, चेहरा जरा मोकळा झाला होता. धाकटी बाहेर बघत होती.

"कशाला बोललात?" ती म्हणाली.

"मनावर होतं ने, बेटा. सहन होत नव्हतं. आता हलकं वाटतं."

"तुम्हाला हलकं वाटतं." ती अजूनही बाहेरच बघत होती. "हात गेला तर गेला, पण तुम्हाला वाचवलं, एवढं माझ्याकडे होतं, आबा. तेवढंच होतं. ते पण घेतलंत."

रिक्षावाल्यानं मागे वळून, कुठून घेऊ, असं विचारलं. मीच त्याला रस्ता सांगितला.